भूमिगत खाणीत एवढा कोळसा खांबांमध्ये का सोडून देतात? हे नुकसानच नाही का?

नुकसान म्हणणाऱ्याने एकदा गोफच्या, म्हणजे कोळसा काढून मोकळ्या झालेल्या जागेच्या, तोंडाशी उभं राहून बघावं. वर्धा खोऱ्यातल्या अंडरग्राउंड खाणींत आधी मायनिंग सरदार, मग त्याच्या वरचा ओव्हरमन (दोघेही पाळीतल्या माणसांच्या सुरक्षेला जबाबदार) म्हणून उभी नोकरी केली, त्यामुळे हा प्रश्न झोंबतो.

गॅलऱ्या, म्हणजे थरातले बोगदे, पाडताना साधारण पाव हिस्सा कोळसा निघतो, बाकीचा खांबांत राहतो, हे खरं. पण वरचा सगळा दगड त्या खांबांनीच पेललेला असतो. ४.८ मीटर रुंदीच्या गॅलरीला ६० मीटर खोलीपर्यंत खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत किमान १९.५ मीटर अंतर लागतं, ३६० मीटरच्या खाली गेलात की ४८. आणि तो कोळसा कायमचा सोडलेला नसतो. नंतर डिपिलरिंग होतं: खांब मधून चिरायचा, तुकडे काढत मागे मागे यायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेचं, म्हणजे गोफचं, रूफ (छत) पडू द्यायचं. ते पडायलाच हवं. लटकत राहिलं आणि मग एकदम आलं, तर हवेच्या झोताने माणूस फेकला जातो.

एकदा दुसऱ्या पाळीला आमचं रूफ असंच लटकलं होतं. सळईने ठोकलं तर टणक वाजायच्या ऐवजी पोकळ वाजत होतं. कडेचे लाकडी प्रॉप (टेकू) करकरायला लागले, खांबाच्या अंगावरून बारीक चुरा गळू लागला. मी सगळी माणसं बाहेर काढली, कोळसा भरणारं एसडीएल मशीनही मागे घेतलं. साहेबांनी फोनवर आधी टनेज (किती टन कोळसा निघाला) विचारलं, नंतर लेखी खुलासा मागितला, कारण त्या पाळीत रूफ पडलंच नाही. पडलं दुसऱ्या दिवशी, रिकाम्या जागेत.

माझे साडभाऊ हिशेब खात्यातले. प्रत्येक लग्नकार्यात म्हणतात, "दुसऱ्या दिवशी पडलं ना, मग पाळी कशाला घालवली?" प्रॉप करकरल्यावर किती वेळ हातात आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. माणसं काढली तेच बरोबर होतं, आजही काढीन.

तुमच्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर: वर नदी, रेल्वे किंवा गाव असेल तर जमीन खचण्याच्या भीतीने खांब सहसा काढू देत नाहीत. गोफमध्ये वाळू भरून काढता येतात, पण वाळूचा खर्च आणि टंचाई दोन्ही आड येतात. खरं नुकसान गोफमध्ये राहिलेल्या चुऱ्याचं. तो आपोआप तापून पेटतो, म्हणून पॅनल, म्हणजे खाणीचा तो कामाचा भाग, वेळेत संपवून बांध घालून बंद करावं लागतं.

आज देशातला बहुतेक कोळसा ओपनकास्टमधून, म्हणजे वरून खणलेल्या उघड्या खाणींतून, येतो, त्यामुळे साडभाऊंसारख्यांना अंडरग्राउंड म्हणजे तोट्याचा धंदा वाटतो. पण खोल थर वरून खणून परवडत नाहीत, तिथे खालीच उतरावं लागणार. तुम्ही या लाइनमध्ये येणार असाल तर टनेजच्या आधी रूफ ठोकणाऱ्या सरदाराला विचारा.

हे सगळं बोर्ड अँड पिलर, म्हणजे गॅलऱ्या पाडून खांब ठेवायच्या पद्धतीबद्दल. लाँगवॉलमध्ये अख्खं पॅनल सलग कापत नेतात, तिथे मी काम केलेलं नाही.