नमुना घ्यायला निघण्याआधी
बेळगावजवळच्या मार्कंडेय नदीत बाटली बुडवण्याआधी शोधायचंय काय ते ठरव. औषधांचे अंश असतील तर गडद तपकिरी काचेची बाटली घे. पीएफएएस, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यांत आणि वॉटरप्रूफ कपड्यांत वापरली जाणारी, सहज न विघटणारी रसायनं असतील तर पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची, आणि टेफ्लॉन किंवा वॉटरप्रूफ जाकीट जवळपासही नको. ही रसायनं लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात. जाकिटाचा अंशसुद्धा निकाल बिघडवतो. म्हणून शुद्ध पाणी काठावरच उघडून एका रिकाम्या नमुन्याच्या बाटलीत भर आणि तीही तपासायला पाठव; त्यात काही सापडलं तर ते नदीतलं नाही, हे कळेल. याचा कंटाळा मुळीच करू नकोस.

खानापूर, निपाणीकडच्या गावांत आधी पाणी भरणाऱ्या बायकांशी बोल. कुठल्या विहिरीला कधी वास येतो, हे त्यांनाच ठाऊक. उकळल्यानं जंतू मरतात, पीएफएएस जात नाही, हे मराठीत सांग, कन्नडमध्येही सांग. निकाल आले की शोधनिबंध लिहिण्याआधी ते ग्रामसभेत वाच.