सेवा केलेल्या माणसाचा आजारातला चेहराच आठवत राहतो, तेव्हा काय करावे?

आपण विचारले आहे की, आईची दोन वर्षे सेवा केली, तिला जाऊन चार महिने झाले, तरी आठवण काढताच तिचा अंथरुणावरचा चेहराच समोर येतो; तर त्याआधीची आई परत कशी मिळवावी? मी माझ्या आत्याविषयी लिहितो, कारण ती गेल्यावर जवळजवळ वर्षभर माझीही हीच अवस्था होती.

आत्याने सोलापुरात चाळीसहून अधिक वर्षे विड्या वळल्या. माझी आई मी लहान असतानाच गेली, आणि रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पाने, पहाटे ती कापणाऱ्या कात्रीचा आवाज, आत्याच्या मांडीवरचे सूप आणि वळलेला माल घेऊन तिच्या मागोमाग कारखान्यात जाणे, हेच माझे बालपण झाले. माझी शाळेची फी त्या मजुरीतूनच भरली गेली. पुढे कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. तेथे आत्याला स्वतःच्या नावाचे घर मिळाले. त्याच घराचा दरवाजा कोणता, हे ती काही वर्षांनी विसरू लागली.

निदान अल्झायमरचे झाले. शेवटचे दीड वर्ष माझ्या पत्नीने आणि मी तिला भरवले, धुतले, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवले. या काळात तिची बोटे सतत चादरीची कड चिमटीत धरून गुंडाळत असत. मी ती सोडवून घेत असे आणि एका रात्री, फार थकलो असताना, तिच्यावर ओरडलो. ती घाबरून गप्प झाली. आपल्याला दिसतो तसा मला वर्षभर दिसत राहिलेला चेहरा तो होता.

आमच्या शेजारच्या तेलुगूभाषक मावशी तिच्याबरोबर कारखान्यात माल द्यायला जात. एके दिवशी त्या पलंगाशी बसल्या, बोटांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, ही विड्या वळते आहे, तुला दिसत नाही का?" मला खरोखर दिसले नव्हते. डॉक्टरांनी नंतर समजावले की, या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी खचतो, पण हातांच्या अंगवळणी पडलेल्या कामाची आठवण वेगळ्या भागांवर अवलंबून असल्याने बऱ्याचदा अधिक काळ टिकते. मावशींनी कापलेली पाने आणून दिली, तंबाखूशिवाय, आणि आत्या ती वळू लागली. सुरुवातीला पाने फाटत, पण कड आत मुडपण्याची तिची पद्धत तशीच होती. कधी ती मला कारखान्यातला माल तपासणारा समजून हात पुढे करी आणि म्हणे, "आज थोड्या कमी भरल्या, साहेब." मी म्हणत असे की सगळ्या घेतल्या, एकही बाजूला काढली नाही. त्यावर तिचा चेहरा सैल होई.

म्हणून मला वाटते की, आजारातला चेहरा पुसून टाकण्याचा प्रयत्न आपण करू नये. मी तो केला आणि त्यामुळे तो अधिकच घट्ट बसला. मी दोन आत्या समजत होतो, एक सूप मांडीवर घेतलेली आणि एक अंथरुणावरची. पण तिच्या बोटांना असा भेद माहीत नव्हता. आपल्या आईला आपल्या आधीपासून ओळखणाऱ्या, तिच्याबरोबर काम केलेल्या कोणाकडे तरी जावे, आणि आईच्या शेवटच्या दिवसांतल्या ज्या हालचाली, शब्द किंवा हट्ट आपल्याला निरर्थक वाटले, ते त्यांना जसेच्या तसे सांगावेत. कदाचित त्यांना काहीच ओळखता येणार नाही, हेही खरे. पण मला जे दिसले नाही, ते मावशींना एका बैठकीत दिसले.

त्या रात्री ओरडल्याचा सल अजून गेलेला नाही. मात्र तो चेहरा आता एकटा येत नाही. त्याच्याबरोबर ती चिमटी येते आणि मागून पहाटेच्या कात्रीचा आवाजही ऐकू येतो.