पॅकेज एकच, खर्च निरनिराळा

प्रश्न : ट्रस्टच्या रुग्णालयात हिशेब पाहते. विमा योजनेतून एका शस्त्रक्रियेला सर्वांना सारखेच पॅकेज मिळते, पण आमच्याकडे वयस्कर आणि मधुमेही रुग्ण जास्त. जादा दर मागण्यासाठी खर्चाच्या लॉगवर (लॉगॅरिदमवर) रिग्रेशन चालवले, म्हणजे वय, आजार अशा गोष्टींवरून खर्चाचा अंदाज बांधणारे गणित. अंदाजांची बेरीज मात्र प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी भरते. चूक कुठे? रुग्ण किती दिवस राहिला हे घातले की आकडे छान जुळतात, ते ठेवू का?

उत्तर : बेरीज कमीच भरणार. लॉगची सरासरी परत रुपयांत आणली की भूमितीय सरासरी (आकड्यांच्या गुणाकाराचे मूळ) मिळते, आणि ती साध्या सरासरीहून कमी असते. २०, ४० आणि ८० हजार खर्चाचे तीन रुग्ण घ्या : भूमितीय सरासरी ४० हजार, साधी ४६,६६७. चाळीस हजारांनी पैसे मिळाले तर तिघांमागे २० हजारांची खोट. उपाय असा, की लॉगमधली प्रत्येकाची तफावत (प्रत्यक्ष वजा अंदाज) घातांकात नेऊन तिची सरासरी काढायची आणि अंदाजाला तिने गुणायचे. इथे ०.५, १ आणि २ यांची सरासरी १.१६७, म्हणजे हिशेब जुळला. पण मधुमेहींचा खर्च इतरांहून जास्त विखुरलेला असेल तर सर्वांना एकच गुणक लावणे चूक. तेव्हा लॉग-लिंक असलेले गॅमा मॉडेल बरे. ते प्रत्येक खर्चाचा लॉग न घेता थेट सरासरीच मांडते. नंतर रुपयांतल्या तफावतीच्या वर्गाचा लॉग अंदाजाच्या लॉगवर बसवून पाहा : उतार २ च्या आसपास आला तर गॅमा योग्य, १ च्या जवळ आला तर पॉइसनसारखे मॉडेल घ्या.

राहण्याचे दिवस काढून टाका, आकडे कितीही जुळोत. डिस्चार्ज लांबवणाऱ्या रुग्णालयाला त्याबद्दल बक्षीस कशाला? रुग्ण दारातून आत येताना जे घेऊन आला तेवढेच मॉडेलमध्ये : वय, आधीचे आजार, तातडीने आला की ठरवून. दाखल झाल्यावर झालेला जंतुसंसर्ग त्यात नको. अमेरिकेच्या मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने) १ ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयातच उद्भवलेल्या काही गुंतागुंतींसाठी चढा दर देणे थांबवले. त्यासाठी प्रत्येक निदानापुढे ‘दाखल होताना होते की नाही’ अशी खूण लागते. तुमच्या फायलीत ती नसेल तर आजपासून सुरू करा. डिस्चार्ज कार्डावर मधुमेह लिहायचा राहिला की तो रुग्ण ‘निरोगी’ गटात जातो आणि मधुमेहाचा जादा खर्च आकड्यांतून पुसट होतो.

आणि हो, बिल म्हणजे खर्च नव्हे. परिचारिकांचा पगार सर्व खाटांवर सारखा वाटला असेल, तर गंभीर रुग्णाचा जादा खर्च मॉडेलपर्यंत पोहोचतच नाही.

प्रश्न : फार महागडे दोन-चार रुग्ण वगळले तर चालेल? आमचे वर्षाला २५च रुग्ण होतात.

उत्तर : वगळू नका, खरा पैसा तिथेच गेलेला असतो. त्यांचा वेगळा नियम हवा. जर्मनीत मुक्कामाची वरची मर्यादा ओलांडली की दर दिवसाला जादा रक्कम मिळते. मेडिकेअर ठरावीक उंबरठ्यापलीकडच्या खर्चाचा साधारण ८० टक्के भाग देते.

पंचविसांवरून दर मात्र मागू नका. खर्चाचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचे माप) सरासरीच्या दीडपट धरले, तर २५ रुग्णांच्या सरासरीची प्रमाण त्रुटीच (ती सरासरी किती डळमळीत आहे त्याचे माप) ३० टक्के येते. ९०० रुग्णांवर ती ५ टक्क्यांवर उतरते. चार-पाच वर्षांचे आकडे भाववाढ काढून एकत्र करा, किंवा शेजारच्या रुग्णालयांना सोबत घेऊन बहुस्तरीय मॉडेल (रुग्णालयारुग्णालयातला फरक वेगळा धरणारे) बसवा.