हिरवा दिवा लागला, तंबोरा लागला नाही

प्रश्न : ताई, पन्नाशीनंतर गाणं शिकायला घेतलं आहे. मिरजेहून तंबोरा आणला. मोबाइलवरच्या ट्यूनरवर काळी पाचला (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावते, चारही तारांना हिरवा दिवा लागतो. तरी क्लासला गेलं की सर दोन तारा छेडतात आणि म्हणतात, "अजून लागला नाही." उन्हाळ्यात तर सकाळी लावलेला तंबोरा दुपारी पार उतरतो. काय करू? आणि रोजच्या रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सर बरोबर सांगताहेत आणि तुमचा मोबाइलही खोटं बोलत नाही. मोबाइल एकेक तार वेगळी मोजतो. सर तारा एकमेकींशी जुळल्या आहेत का ते ऐकतात. तंबोरा लावायचा म्हणजे हे दुसरं काम.

मधल्या दोन तारांपासून सुरुवात करा, म्हणजे जोडीपासून. एक तार मोबाइलवर सा ला आणा आणि मोबाइल पालथा ठेवून द्या. आता दुसरी तार पहिलीशी मिळवायची. दोन्ही पाठोपाठ छेडा, आवाज विरेपर्यंत ऐका. सूर थोडा जरी वेगळा असला तरी आवाज वर-खाली हेलकावे घेतो. दोन तारांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला दोन हेलकावे येतात. फरक कमी होत जाईल तसे ते लांबतात आणि मग थांबतात. ते थांबले की जोडी लागली. हे ऐकायला कान तयार लागतो असं काही नाही, शांतता मात्र लागते. मी पूर्व भागात शिकवते, भोवताली यंत्रमागांचा खडखडाट. वीज गेली आणि माग थांबले की माझ्या मुली आधी तंबोऱ्याकडे धावतात!

खुंटी फक्त सुराच्या जवळ नेण्यापुरती, आणि तीही खालून वर चढवत. सूर वर गेला तर तार आधी नीट उतरवा आणि पुन्हा चढवत आणा, नाहीतर खुंटीत राहिलेली ढील थोड्या वेळाने तुमचा सूर खाते. सूर किंचित खाली असताना खुंटी सोडा. उरलेलं काम तारेत ओवलेल्या मण्याचं. मणी घोडीपासून (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) खालच्या टोकाकडे सरकवला की तार ताणली जाते आणि सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. तांदळाच्या दाण्याएवढा सरकवलात तरी हेलकावे बदललेले ऐकू येतील. नवे विद्यार्थी मण्याला हात लावायला घाबरतात आणि खुंटीशीच झुंजत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. इतकी नाजूक सोय कारागिराने हाताशी दिलेली असते.

आता पंचम, म्हणजे पहिली तार. मोबाइल इथे हमखास कमी पडतो, कारण बहुतेक ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग धरून चालतात, प्रत्येक भाग १०० सेंटांचा. त्या हिशेबात पंचम सा पासून ७०० सेंटवर येतो. तंबोऱ्याचा नैसर्गिक पंचम ७०२ सेंटच्या जवळ असतो. दोन सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण काळी पाचला, जोडीचा सा २३३ कंपनांच्या आसपास असताना, या दोन सेंटांमुळे साधारण सव्वा सेकंदाला एक हेलकावा येतो. तुमच्या सरांना बहुधा तोच ऐकू येतो. पंचम दिव्याच्या किंचित वर न्या, जोडीबरोबर स्थिर होईपर्यंत.

शेवटी खरज, म्हणजे चौथी तार. तो जोडीच्या बरोबर खालच्या सप्तकात. नीट लागला आणि जवारी (घोडीच्या माथ्याची घडण, जिच्यामुळे तार गुंजते) उघडी असली की खरजातून गांधार आपोआप उमटतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. हा गांधार पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, म्हणून तो पेटीवर तपासू नका. तो स्वच्छ ऐकू येईपर्यंत घोडीवर तारेखाली असलेला दोरा अगदी केसभर मागे-पुढे करा. दोरा हलला की सूरही जरासा हलतो, तेव्हा त्यानंतर मणी पुन्हा एकदा बघायचा. आणि तारा हलक्या हाताने छेडा. जोरात छेडलेली तार आधी चढी बोलते, मग खाली येते, आणि आपण भलत्याच सुराला जुळवून बसतो.

उन्हाळ्याचं म्हणाल तर आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत. उष्णतेने तारा लांबतात, खुंट्यांचं लाकूड आक्रसून सैल होतं. चारही तारा थोड्याथोड्या उतरल्या असतील तर तो हवेचा परिणाम, पुन्हा लावायचं. एकच तार पार उतरली असेल तर ती खुंटी घसरते आहे. काढून तिला साधा खडू फासा आणि घट्ट बसवा. कूलरच्या झोतात तंबोरा ठेवू नका. तिथे तो ओलावा धरतो, कूलर बंद झाला की सुकतो, आणि तुमची जुळवणी दोन्ही वेळा वाया जाते. भिंतीपाशी, सावलीत, गवसणीत असू द्या. (मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूर भागात पिकतात. तुमच्या तंबोऱ्याला आपलं ऊन अगदीच परकं नसेल.)

इलेक्ट्रॉनिक तानपुरा रियाजाला जरूर चालेल, प्रवासात तर तोच बरा. पण आठवड्यातून निदान एकदा तो बंद ठेवून स्वतःचा तंबोरा लावा आणि लावून झाला की लगेच गायला सुरुवात करू नका, थोडा वेळ नुसता वाजवा. पुढच्या वेळी क्लासला जाताना सरांना विचारा, "कुठली तार ऐकून म्हणालात?" ते तार दाखवतील, मणी तुम्ही सरकवा.