आईबाबा दोघंही ओ, मी ए पॉझिटिव्ह. मी १६ वर्षांची आहे. मी दत्तक असेन का? माझे खरे आईवडील कसे शोधू?

तुझा प्रश्न वाचला आणि हातातला चहा गार झाला बघ. माझं अगदी हेच झालं होतं, २००१ साली, दहावीत. एनसीसीच्या कॅम्पला रक्तगट काढला, बी पॉझिटिव्ह. बाबांच्या ऑफिसच्या कार्डावर ओ, आईच्या अपेंडिक्सच्या फाईलवर पण ओ. सायन्सच्या बाई म्हणाल्या असं होत नसतं, परत तपासून घे. मी तपासलं नाही, सरळ घरातलं कपाट तपासलं.

साड्यांच्या खाली एक प्लॅस्टिकची पिशवी, त्यात जुनं रेशनकार्ड, एलआयसीच्या पावत्या आणि एक स्टॅम्प पेपर. दत्तकपत्र. देणार म्हणून माझी मावशी आणि काका, घेणार म्हणून आईबाबा. आणि साक्षीदार नंबर एक, आमचे मामा, चांगली ठसठशीत सही. हाच मामा दर दिवाळीला सगळ्यांसमोर म्हणायचा, पोरगीचं नाक अगदी आईवर गेलंय हो! मावशी तिथेच फराळाची ताटं भरत असायची.

आई पोळ्या लाटत होती. मी कागद परातीशेजारी ठेवला. तिने बघितला, तव्यावरची पोळी उलटली, भाजली, मग गॅस बंद केला आणि म्हणाली, तुझी दहावी झाली की सांगणारच होते. नंतर कळलं की आधी ते 'पाचवीत गेली की' होतं आणि पुढचं 'लग्न ठरलं की' असणार होतं. मावशीला आधीच्या दोन मुली, तिसरी मी. ते कारण पचायला मला कागदापेक्षा जास्त वर्षं लागली. आणि आता हिला सख्खी मावशी म्हणायचं की सख्खी आई? मी मावशीच म्हणते. आई एकच, पोळ्या करणारी.

तर तू 'खरे आईवडील' लिहिलंयस ते आधी खोड. आणि विचार, आजच विचार, पण लग्नकार्यात किंवा भांडणात नको, आई एकटी असताना. पाळणाघरातल्या बाईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना माहीत आणि फक्त मुलीला नाही, ह्याला मी तरी प्रेम म्हणणार नाही, भित्रेपणा म्हणेन. मामा अजून म्हणतो, कळलं नसतं तर काय बिघडलं असतं? अरे, अख्ख्या गावाला कळलेलं चालतं ना तुला!

शोधण्याबद्दल, संस्थेतून घेतलं असेल तर कारामार्फत, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेमार्फत, मूळ शोधायला अर्ज करता येतो, १८ च्या आत आईबाबांसोबतच, १८ नंतर एकटीने. पण जन्म देणारीने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. माझ्यासारखं घरातल्या घरात दिलेलं असेल तर कारा काय करणार, तिथे मामामावश्याच पकडाव्या लागतात. जन्मदाखल्यावर दत्तक घेणाऱ्यांचीच नावं असू शकतात, त्यामुळे नावं नको बघूस, नोंदणीची तारीख बघ. माझी जन्मानंतर सव्वा वर्षाने आहे. अर्थात नोंदणी नुसती आळसानेपण उशिरा होते.

आणि हो, हे खरं तर वरतीच लिहायला हवं होतं, रक्तगटावरून लगेच रडायला बसू नकोस. कॅम्पमधल्या घाईत चुका होतात, तिघांचे लॅबमधून परत करून घे. शिवाय बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून एक प्रकार आहे, १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे यांना सापडलेला. साध्या टेस्टमध्ये तो माणूस ओ दिसतो पण आतून ए किंवा बी पुढच्या पिढीला देऊ शकतो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. म्हणजे तू त्यांचीच असशील आणि आईला उगाच हार्ट अटॅक देशील.

माझ्या केसमध्ये मात्र तसं काही नव्हतं, मावशीचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. मागच्या वर्षी तिच्या ऑपरेशनला रक्त मीच दिलं, आणि मामा बाहेर बाकावर बसून नर्सला सांगत होता, भाची आहे हो तिची.