"असं बोलू नकोस ना, आई"

गेल्या वर्षभरात समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून निदान सात-आठ जणांनी हाच प्रश्न विचारला. शब्द इकडेतिकडे, पण मुद्दा एकच: "मॅडम, आईजवळ बसल्यावर बोलायचं काय?" आईचा ब्रेस्ट कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचलेला असतो, फाइलवर 'स्टेज चार' लिहिलेलं असतं आणि घरी जीभ टाळ्याला चिकटलेली असते. त्या सगळ्यांसाठी मृणालची गोष्ट लिहिते आहे. (नाव आणि तपशील अर्थातच बदललेत, आणि माय-लेकींना विचारूनच लिहिते आहे.)

मृणाल पुण्यात बाणेरला राहते, आयटीत आहे. आई सहकारनगरच्या जुन्या घरी. पहिल्या दिवशी ती आली तीच धुसफुसत. तिने डॉक्टरांना विचारलं होतं, "माझ्या लिव्हरचा तुकडा आईला देता येईल का?" त्यांनी अर्ध्या मिनिटात "नाही, यात तसं करत नाहीत" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

"पोटातला तुकडा काढून द्यायला निघाले होते मी," ती म्हणाली. "निदान नाही तरी नीट म्हणायचं!"

डॉक्टरांचं उत्तर बरोबर होतं, फक्त ते उलगडून सांगायला कुणाला सवड नव्हती. तिच्या आईंना लिव्हरचा वेगळा कॅन्सर झाला नव्हता. स्तनातल्याच पेशी रक्तातून तिथे जाऊन रुजल्या होत्या, म्हणून औषधंही ब्रेस्ट कॅन्सरचीच. लिव्हर बदललं तरी त्या पेशी शरीरात आणखी कुठे असू शकतात, आणि नवं लिव्हर टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबली की ते कॅन्सरच्याच पथ्यावर पडतं. तिला सलत होतं ते आणखी एक. 'पाच वर्षं झाली, सुटलो' म्हणून तिने पेढे वाटले होते. हार्मोनवर वाढणारा ब्रेस्ट कॅन्सर दहा-बारा वर्षांनीही परतू शकतो, त्यात तुझं काही चुकलं नाही, हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसली.

माझी सगळी घडण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतली, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेवरची. 'असंच झालं पाहिजे' हा हट्टच माणसाला जास्त त्रास देतो, असं ते म्हणत. त्यामुळे समोरच्याच्या बोलण्यातला 'च' मला टाचणीसारखा टोचतो. मृणालच्या दर वाक्यात तो होता. आई बरी झालीच पाहिजे. मी खंबीरच असलं पाहिजे. तिच्यासमोर डोळ्यांत पाणी येताच कामा नये. हा 'च' घरी जाऊन काय करत असेल, याचा मला अंदाज होता. तिसऱ्या भेटीत तो हाती लागला.

"आई काय बोलतात तुझ्याशी?"

"विशेष काही नाही. मधूनच गौरींच्या मुखवट्यांचं काढते."

"मग तू?"

"मी म्हणते, असं बोलू नकोस ना."

"मुखवट्यांबद्दल बोलायचं नाही?"

ती जरा थांबली. "अहो, तिची सुरुवातच तशी असते. 'पुढच्या भाद्रपदात मी नसले तर…' मला पुढचं ऐकवत नाही."

मी तिला उपदेश केला नाही. फक्त एक काम दिलं. 'असं बोलू नकोस', 'काही होत नाही तुला' यातलं काहीही तोंडून गेलं की आईच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एक रेघ मारायची. पुढच्या आठवड्यात तिने फोनमधला फोटो दाखवला. एकोणीस रेघा. एकट्या शनिवारच्या चौकोनात सात.

"त्यात मामाच्या तीन आहेत," ती म्हणाली, आणि दोघीही हसलो.

खरं तर मामा वाईट नसतात. आपल्याकडे आजाऱ्याला 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणं ही रीतच झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही म्हणायचे. आता हे दोन शब्द ऐकले की मला राग येतो. आजारी माणसाला ते 'तुझी भीती आम्हाला दाखवू नकोस' असेच ऐकू येतात. लिव्हर देता येत नाही म्हणून रडणाऱ्या मुलीकडे आई मागत होती फक्त कान.

पुढचा शनिवार. मी सांगितलं होतं एवढंच: विषय निघाला की "हं, सांग" म्हण, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव. आईंनी विषय काढला. मृणालचे तळहात घामेजले, पण ती म्हणाली, "हं, सांग." आई क्षणभर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग उशी पाठीशी घेऊन बसल्या आणि पाऊण तास बोलल्या. मरणाबद्दल एक अक्षर नाही! मृणालच्या सासरी खड्यांच्या गौरी, मग हे पितळी मुखवटे जायचे कुणाकडे? चुलत जावेकडे द्यावेत तर ती सोवळ्याचं फार करते. धाकट्या पुतण्याच्या बायकोला हौस आहे, पण तिचा फ्लॅट लहान. सासूबाईंनी हे मुखवटे कसे आणले इथपासून पुरणाला किती डाळ लागते इथपर्यंत सगळं. आणि बोलता बोलता, पांघरूण सारखं करत, "आणि हे बघ, अगदी शेवटी मला नळ्या लावून काचेपलीकडे ठेवू नका. घरी राहीन."

मृणाल हे मला सांगताना रडत होती आणि तिचे खांदे मात्र सैल झाले होते. इतक्या वर्षांत मला एक कळलंय. दार उघडलं की आत आपण घाबरलो होतो ते सहसा नसतं. मुखवटे असतात, लॉकरची किल्ली असते, कुणाचे तरी द्यायचे राहिलेले पैसे असतात. खरी मोठी गोष्ट त्यांच्या मागून, हळूच येते.

आईंचं ते शेवटचं वाक्य तसंच सोडायचं नसतं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी, म्हटलं की घरचे हबकतात, पण ती चालू उपचारांबरोबर सुरू करता येते आणि करावी. आपल्याकडे वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून हे काम विनामूल्य करतं. नुसती माहिती घ्यायला गेलात तरी चालतं.

जेवणावरून घरोघरी युद्ध होतं, म्हणून तेही सांगते. सुजलेलं लिव्हर पोटावर दाबतं, चार घासांत गच्च वाटतं. "अजून अर्धी पोळी" हा आग्रह प्रेमाचा असला तरी तो त्रासच. दर दोन तासांनी वाटीभर काहीतरी, बास. साताऱ्याच्या मावशींनी गुळवेलीचा काढा पाठवला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचा नाही. लिव्हरला तो बाधल्याची उदाहरणं आहेत. डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं, केमो चालू असताना ताप आला, किंवा आई दिवसा झोपून रात्री जागायला आणि असंबद्ध बोलायला लागल्या, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

आईंच्या गोळ्या चालू आहेत, मागचा स्कॅन स्थिर आहे. मुखवटे पुतण्याच्या बायकोकडे जायचे ठरले. देण्याआधी मृणालने ते घासायला घेतले, तर आतून कॉटवरून आवाज आला, "पितांबरी नको लावूस गं, चिंच घे. आणि डोळ्यांजवळ हलक्या हाताने, रंग जाईल."