दावा साक्षीपुराव्याआधीच फेटाळला. आता सुप्रीम कोर्टात जावे का?

प्रश्न : माझा भाचा कॅनडात, ऑन्टारिओमध्ये, एका साखळी कंपनीचे कॉफीचे दुकान चालवतो. कंपनीकडूनच माल घ्यायची सक्ती आणि वर भाव वाढवलेले, म्हणून त्याने दावा लावला. साक्षीदार उभे राहण्याआधीच दावा निकाली निघाला, प्रांताच्या अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. आता तो ओटावाच्या सुप्रीम कोर्टात जायचे म्हणतो. आपल्या एसएलपीसारखेच (सुप्रीम कोर्टात अपिलाची खास परवानगी मागणारा अर्ज) असते का ते?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी परवानगी, मग अपील, इथपर्यंत सारखेच. पण आपल्याकडे वकिलाला खंडपीठापुढे निदान दोन मिनिटे बोलता येते. तिथे सहसा तीन न्यायमूर्ती फक्त कागद वाचून ठरवतात आणि नकार देताना कारण लिहीत नाहीत. दहा अर्जांत एकालाही परवानगी मिळत नाही, असेच प्रमाण आहे.

मुदत ६० दिवसांची, अपील न्यायालयाच्या निकालाच्या तारखेपासून. जुलै महिना त्यात धरत नाहीत. या मुदतीत नुसती नोटीस देऊन भागत नाही. निकालांच्या प्रती, लेखी युक्तिवाद, सगळा संच समोरच्याला देऊन दाखल झालेला हवा. युक्तिवादाला मर्यादा २० पानांची. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस, त्यावर भाच्याला प्रत्युत्तरासाठी १० दिवस आणि ५ पाने. कोर्टाची फी किरकोळ असते, वकिलाची नसते. शिवाय नकार आला तर कंपनीचा खर्चही बहुधा भरावा लागतो.

अर्ज कुठे फसतो, ते टिम हॉर्टन्स या कॅनडातल्या कॉफी-डोनटच्या साखळी कंपनीच्या खटल्यात नीट दिसते. दुकानातच डोनट भाजण्याऐवजी कारखान्यात अर्धवट भाजून गोठवलेला माल घ्यायला लावला, त्याने खर्च वाढला आणि दुपारच्या जेवणाचे पदार्थ तर जवळजवळ नफ्याविना विकावे लागतात, ही दुकानदारांची तक्रार. मागणी १.९५ अब्ज डॉलरची. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅथी यांनी तो सामूहिक दावा प्रतिज्ञापत्रे आणि कागदपत्रांवरच निकाली काढला. प्रत्येक पदार्थावर नफा मिळेल अशी हमी करारात नव्हती. नफा एकेका पदार्थाचा न पाहता दुकानाचा एकूण पाहायचा. ऑन्टारिओच्या २००० सालच्या आर्थर विशार्ट कायद्यात (साखळी कंपनी आणि तिचे दुकानदार यांच्या व्यवहाराचा कायदा) सचोटीने वागण्याचे बंधन आहे, पण त्यासाठी कंपनीने स्वतःचा फायदा सोडून द्यावा असे नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने हे कायम केले, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी नाकारली.

कारण तिथे ‘माझ्यावर अन्याय झाला’ हा मुद्दाच नसतो. प्रश्न साऱ्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का, एवढेच बघतात. एका करारातल्या एका कलमाचा अर्थ त्यात बसत नाही. त्यातून सुप्रीम कोर्टाच्याच २०१४ च्या ह्रायनियाक निकालाने अशा, साक्षीदार न तपासता दिलेल्या झटपट निर्णयाला मोकळी वाट दिली आहे. न्यायाधीशाने कागदांवरून काढलेल्या निष्कर्षात ठळक आणि निकाल फिरवणारी चूक नसेल, तर वरचे कोर्ट हात घालत नाही. दोन प्रांतांची अपील न्यायालये एकाच मुद्द्यावर उलटसुलट बोलत असतील, तर मात्र अर्जात दम येतो. भाच्याच्या वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारायचा : असे दोन निकाल दाखवता येतील का? ते नसतील आणि युक्तिवादाची पहिली दहा पाने मालाच्या भावांवरच जाणार असतील, तर तो पैसा दुकानातच ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत.

प्रश्न : परवानगी नाकारली म्हणजे सुप्रीम कोर्टाने खालचा निकाल बरोबर ठरवला का? पुन्हा अर्ज करता येतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बरोबर ठरवला असे नाही. क्युबेकमध्ये डंकिन डोनट्सविरुद्ध दुकानदार जिंकले. २०१५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने भरपाईची रक्कम कमी केली, पण कंपनीची जबाबदारी कायम ठेवली. कंपनी परवानगी मागायला गेली तर तिलाही नकारच मिळाला. म्हणजे टिम हॉर्टन्समध्ये नकार दुकानदारांना, डंकिनमध्ये कंपनीला. त्यावरून सुप्रीम कोर्ट कोणाच्या बाजूचे, हे ठरत नाही. पण व्यवहारात अपील न्यायालयाचा निकाल पक्का होतो, त्या प्रांतातल्या खालच्या कोर्टांना बंधनकारक राहतो आणि त्याच कारणावर नवा दावा चालत नाही. फेरविचाराचा अर्ज नियमात आहे, पण अगदी विरळा परिस्थितीसाठी. मुद्दा आधी नीट मांडता आला नाही, हे कारण तिथे पुरत नाही.